मैदान गावाचे, राखण आपली

(संस्थेच्या हितचिंतकांच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. छपाईसाठी थोडा संक्षिप्त केला आहे.)



आताच खजिनदारांनी वर्षाचा हिशेब वाचला. वसतिगृहाचा खर्च आणि जमा यांतले अंतर आपण सर्वांनी ऐकले. हे अंतर भरून काढण्यासाठी एक सूचना कमिटीपुढे आली आहे. नंदुरबार जिल्ह्यातील आपल्या वसतिगृहासमोर जे अडीच एकर मैदान आहे, त्याची रस्त्याकडची पट्टी दुकानगाळ्यांसाठी भाड्याने द्यावी आणि उरलेल्या जागेला भिंत घालून ती वसतिगृहाच्या मुलांपुरती ठेवावी, अशी ती सूचना आहे. सूचना करणाऱ्यांचे मन मला ठाऊक आहे. मुलांच्या ताटातले काही कमी होऊ नये, एवढीच त्यांची इच्छा आहे. म्हणून मी आज कोणाविरुद्ध बोलायला उभा नाही. मी त्या मैदानावर मुलांचे खेळ घेतो, सकाळ-संध्याकाळ तिथे असतो. त्या जागेवर वर्षभर काय चालते ते आपल्यापुढे मांडावे, असे कमिटीने मला सांगितले आहे. आपल्यापैकी पुष्कळांनी ते मैदान मे महिन्यात किंवा नाताळात पाहिले असेल. मे महिन्यात ते ओसाड दिसते. ओसाड जागा भाड्याने दिली तर बिघडले काय, असे कोणालाही वाटेल.

तर आधी मैदानाचे वर्ष सांगतो.

पहाटे पाचला तिथे धावणारी मुले-मुली येतात. ही आपल्या वसतिगृहाची मुले नव्हेत. आसपासच्या पाड्यांवरची, बारावी झालेली, पोलीस भरतीची तयारी करणारी तरुण मंडळी आहेत. भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना सोळाशे मीटर धावावे लागते, मुलींना आठशे मीटर. आपल्या मैदानावर फक्कीने आखलेले दोनशे मीटरचे वर्तुळ आहे. मुलांनी आठ फेऱ्या मारल्या, मुलींनी चार मारल्या, की अंतर पूर्ण होते. कोणाच्या तरी मोबाईलवर वेळ लावलेली असते. गोळाफेकीसाठी कोपऱ्यात एक गोल आखला आहे. क्लासची फी नाही, मार्गदर्शकाचा पगार नाही. मोकळी सपाट जमीन आणि एकमेकांची सोबत एवढ्यावर हे चालते. एका घरातला एक मुलगा किंवा मुलगी शिपाई म्हणून लागली, की त्या घराला मुकादमाची उचल घ्यावी लागत नाही. हे वाक्य मी आपल्याला पुन्हा आठवून देणार आहे.

सात वाजता वसतिगृहाची मुले कवायतीला येतात. दुपारी मैदान गुरांचे आणि गुराख्यांचे असते. संध्याकाळी कबड्डी, व्हॉलीबॉल, क्रिकेट. कडेच्या चिंचेखाली म्हातारी माणसे बसतात. त्या चिंचेजवळ मोबाईलला रेंज येते, पाड्यांवर येत नाही. दिवाळीनंतर आपल्या भागातली कुटुंबे ऊसतोडीला दक्षिण गुजरातकडे आणि इतरत्र जातात. नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो. मागे राहिलेले आजी-आजोबा संध्याकाळी त्या चिंचेखाली येतात आणि थळावरच्या मुला-सुनेशी बोलतात. वसतिगृहातली मुलेही आपल्या आईबापांशी तिथूनच बोलतात.

आता ऋतूंप्रमाणे पाहा. पावसाळ्यात मैदानावर गवत वाढते आणि ते कापून गावातली गुरे जगतात. भात निघाल्यावर ज्यांच्याकडे खळ्यापुरती सपाट जागा नाही अशी उतारावरची चार-सहा घरे मैदानाच्या मागच्या कोपऱ्यात मळणी करतात. डिसेंबरमध्ये नाताळचा मेळावा असतो आणि त्याला आजूबाजूच्या मंडळ्या येतात. होळीला ऊसतोडीवरून माणसे परततात. त्या आठवड्यात मैदान जेवढे भरलेले असते तेवढे कधीच नसते. वर्षभर न भेटलेले भाऊ, मामा, भाचे तिथे भेटतात. लग्नांचे मांडव तिथे पडतात. सिकलसेल तपासणीचे शिबिर, लसीकरण, गुरांचे टोचण, सगळे तिथेच. आणि गावात कोणी गेले, तर दूरच्या पाड्यांवरून आलेली माणसे मातीला जाण्याआधी आणि नंतर त्याच चिंचेखाली बसतात.

शहरात या कामांसाठी वेगवेगळ्या जागा असतात. हॉल, बाग, स्टेडियम, मंगल कार्यालय, बसस्टँड. डोंगरात ही सर्व कामे एका मैदानाला करावी लागतात.

कोणी विचारतील, गावाला स्वतःची जागा नाही का? डोंगराळ भागात सपाट तुकडा दिसला की तो शेत असतो. जे शेत नाही ते वनखात्याकडे असते. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेच्या शिफारशीवरून गावाच्या सोयीसाठी वनजमीन वापरायला वाट दिली आहे. प्रत्येक कामाला एक हेक्टरपेक्षा कमी जागा आणि हेक्टरी पंच्याहत्तरपेक्षा जास्त झाडे तोडायची नाहीत, अशा अटी आहेत. त्या तेरा कामांच्या यादीत शाळा आहे, अंगणवाडी आहे, पाण्याची टाकी आहे, रस्ता आहे, समाजमंदिरही आहे. खेळाचे मैदान मात्र नावाने नाही. शिक्षणहक्क कायद्याने २००९ मध्ये प्रत्येक शाळेला मैदान असावे असे म्हटले, पण डोंगरउतारावरच्या शाळेला ते आणायचे कुठून? तिथली मुले व्हरांड्यात लंगडी खेळतात. आपल्या आधीच्या पिढीतल्या मिशनऱ्यांनी वसतिगृहासाठी जागा घेतली तेव्हा पुढचा भाग मोकळा ठेवला. त्यांनी तो कोणत्या हेतूने ठेवला याचा कागद आपल्याकडे नाही. पण गाव तो इतकी वर्षे वापरत आले आहे, हे आपण सगळे पाहतो.

आता मी आपल्याला थोडे दूर, छोटा नागपूरला घेऊन जातो. म्हणजे आजचे झारखंड आणि त्याला लागून असलेला ओडिशाचा सुंदरगड जिल्हा. मैदान आणि मिशन यांचा संबंध समजून घ्यायचा असेल तर आपल्या देशात यासारखे दुसरे उदाहरण नाही.

तिथल्या मुंडा, उराँव, खडिया या समाजांच्या गावांत आखडा असतो. आखडा म्हणजे गावाच्या मधली मोकळी जागा, बहुधा मोठ्या झाडाखाली. सणाला तिथे मांदर वाजतो, नाच होतो. गावाची बैठक तिथे बसते, भांडणे तिथे मिटतात. १८४५ साली जर्मनीतल्या गॉस्नर मिशनचे चार तरुण रांचीला पोहोचले. पुढे अँग्लिकन मिशन आले, बेल्जियन जेझुइट आले. शाळा निघाल्या, वसतिगृहे निघाली. एक गोष्ट इथे सरळ सांगायला हवी. सुरुवातीच्या काळात अनेक मिशनऱ्यांनी नव्या विश्वासणाऱ्यांना आखड्यापासून दूर राहायला सांगितले. नाचाबरोबर दारू येते, जुनी पूजा येते, अशी त्यांना भीती होती. त्या भीतीत तथ्य नव्हते असे मी म्हणत नाही. पण आखडा सोडला की माणूस नाचाबरोबर गावाच्या बैठकीतूनही उठतो. शेजारी शेजाऱ्याला परका होतो. पुढे तिथल्या मंडळ्यांना हे उमगले. आज तिथल्या कित्येक चर्चमध्ये मांदरच्या तालावर उपासना होते.

त्याच मिशन शाळांच्या मैदानावर हॉकी आली आणि ती गावाने उचलली. विकतची स्टिक कोणाकडे होती? मुलांनी बांबूची आणि रानातल्या वाकड्या फांदीची स्टिक केली. गावोगावी सामने सुरू झाले. जिंकणाऱ्या संघाला बक्षीस म्हणून बोकड, त्याला तिकडे खस्सी म्हणतात. आजही त्या भागात खस्सी टूर्नामेंट होतात. जिंकलेला बोकड संघ गावात नेतो आणि सगळे मिळून जेवतात. म्हणजे बक्षीससुद्धा एकट्याचे नसते.

खुंटीजवळच्या टकरा गावचा एक मुंडा मुलगा रांचीच्या सेंट पॉल या मिशन शाळेत शिकला. शाळेच्या मुख्याध्यापकांनी त्याला इंग्लंडला नेले, तो ऑक्सफर्डला शिकला, तिथल्या विद्यापीठाच्या संघातून हॉकी खेळला. हे जयपाल सिंग मुंडा. १९२८ साली अॅमस्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्ये भारताच्या हॉकी संघाचे ते कर्णधार होते. अंतिम सामन्याआधी ते संघातून बाहेर पडले, पण त्या स्पर्धेत भारताला हॉकीचे पहिले सुवर्णपदक मिळाले. पुढे हेच जयपाल सिंग संविधान सभेत आदिवासींचा आवाज झाले. मायकेल किंडो सिमडेगाचे. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणाऱ्या आणि १९७५ चा विश्वचषक जिंकणाऱ्या संघात ते होते. सिल्वानुस डुंगडुंग सिमडेगाचेच, १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकच्या सुवर्णविजेत्या संघातले. दिलीप तिर्की सुंदरगड जिल्ह्यातल्या सौनामारा गावचे. तीन ऑलिंपिक आणि चारशेहून अधिक आंतरराष्ट्रीय सामने खेळले. मुलींमध्ये खुंटी जिल्ह्यातल्या हेसल गावची निक्की प्रधान २०१६ मध्ये रिओला खेळली आणि झारखंडची पहिली महिला हॉकी ऑलिंपियन ठरली. सिमडेगा जिल्ह्यातल्या बडकीछापरची सलीमा टेटे २०२४ मध्ये भारतीय महिला संघाची कर्णधार झाली.

या नावांचा अभिमान वाटतो. पण ती सांगण्यामागे माझा हेतू वेगळा आहे. जयपाल सिंग १९२८ चे आणि सलीमा २०२४ ची. मध्ये शहाण्णव वर्षे गेली. एवढ्या काळात त्या भागात किती पालक-शिक्षक आले नि गेले असतील, संस्थांच्या तिजोऱ्या किती वेळा रिकाम्या झाल्या असतील! तरी मैदाने राहिली, म्हणून एका पिढीनंतर दुसरी पिढी येत गेली. एखाद्या कमिटीने एखाद्या अडचणीच्या वर्षी ते मैदान विकले असते, तर त्या वर्षीचा खड्डा भरला असता आणि पुढच्या सत्तर वर्षांची मुले कोणाला दिसलीही नसती. जे घडले नाही त्याचा हिशेब कोणत्याच ताळेबंदात येत नाही.

आपल्याजवळचीही उदाहरणे आहेत. त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत. २०१० च्या दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्य आणि त्याच वर्षीच्या आशियाई स्पर्धेत रौप्य. आपल्या सीमेपलीकडच्या डांगची सरिता गायकवाड २०१८ मध्ये जकार्ताला चार बाय चारशे रिलेच्या सुवर्णविजेत्या संघात होती. डांगचाच मुरली गावित २०१९ मध्ये दोह्याला आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये तिसरा आला. ही आपलीच माणसे, आपल्याच डोंगरातली.

तरीही बंधुभगिनींनो, पदकाच्या आशेने मैदान ठेवा असे मी सांगणार नाही. आपल्या मैदानावरून कदाचित एकही खेळाडू देशासाठी खेळणार नाही. हजार मुले खेळतील आणि हजारही मुले शेतकरी, शिक्षक, नर्स, शिपाई, मजूर होतील. त्या हजारांसाठी मैदान हवे. मूल खेळते तेव्हा ते हरायला शिकते, वाट पाहायला शिकते, आपल्यापेक्षा दुबळ्याला संघात घ्यायला शिकते. आईबाप सहा महिने ऊसाच्या फडात असलेल्या मुलाला संध्याकाळचे दोन तास कसे जातात, हे आपल्या वसतिगृहाच्या बाईंना विचारा. मैदानावर दमलेले मूल रात्री झोपते. पावसाच्या आठवड्यात, मैदान बंद असते तेव्हा, मुले उशीत तोंड खुपसून रडतात. बालहक्कांच्या ज्या आंतरराष्ट्रीय कराराला भारताने १९९२ मध्ये मान्यता दिली, त्याच्या एकतिसाव्या कलमात विश्रांती आणि खेळ हा मुलाचा हक्क म्हटला आहे. तो हक्क कोणत्या जागेवर बजावायचा, हे मात्र आपल्यासारख्यांना ठरवावे लागते.

पवित्र शास्त्रही या बाबतीत मुके नाही. लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायात परमेश्वर शेतकऱ्याला सांगतो की कापणी करताना शेताच्या कडेपर्यंत कापू नकोस, ते गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू दे. शेत मालकाचेच आहे, त्याच्या मालकीला देव हात लावत नाही. पण कडेचे पीक कापण्याची त्याला मोकळीक नाही. बवाजाने ही आज्ञा पाळली म्हणून परक्या देशातून आलेल्या रूथला सरवा वेचायला मिळाला आणि त्या घराण्यात पुढे दावीद जन्मला. आणि जखऱ्याच्या आठव्या अध्यायात संदेष्टा यरुशलेमच्या भल्या दिवसांचे चित्र काढतो, तेव्हा त्यात तटबंदीपेक्षा वेगळेच काही दिसते. म्हातारी माणसे काठी टेकून चौकात बसलेली आहेत आणि मुले-मुली तिथे खेळत आहेत. मी ते वाचतो तेव्हा मला आपली चिंच आणि तिच्यापुढचे मैदान दिसते.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. गावात ख्रिस्ती घरे आहेत, जुन्या रीतीने चालणारी घरे आहेत. गेल्या काही वर्षांत काही ठिकाणी दोघांत दुरावा आला आहे, हे आपण जाणता. लग्नाला बोलावणे थांबते, विहिरीवर बोलणे तुटते. आपल्या गावात हे त्या थराला गेले नाही. त्याचे एक कारण मला मैदान वाटते. कबड्डीच्या संघात सात गडी लागतात, आणि एकट्या ख्रिस्ती पाड्यातून किंवा एकट्या दुसऱ्या पाड्यातून चांगले सात निघत नाहीत. संध्याकाळी एकमेकांचा हात धरून साखळी करणारी पोरे सकाळी एकमेकांवर दगड उचलायला कचरतात. नाताळच्या मेळाव्याला मांडवाचे बांबू गावाचे कारभारी पाठवतात, आणि होळीच्या आठवड्यात आपल्या टाकीचे पाणी आपण गावाला देतो. मैदानाला भिंत घातली, तर कोणी काही बोलणार नाही. पण मिशनने भिंत घातली, एवढे वाक्य गावात राहील. ते पुसायला आपल्याला किती वर्षे लागतील?

आता आक्षेपांकडे येतो, कारण ते खरे आहेत.

पहिला आक्षेप जागेचा. पट्टीच तर द्यायची आहे, बाकी मैदान उरतेच, असे म्हटले जाते. नकाशावर ते बरोबर दिसते. पण आपल्या मैदानाचा मागचा भाग नाल्याकडे उतरता आहे. सपाट आहे तो रस्त्याकडचाच अर्धा भाग. कबड्डीचे अंगण तेरा बाय दहा मीटरचे, ते कुठेही बसेल. खोखोला सत्तावीस बाय सोळा मीटर लागतात, तेही बसेल. धावण्याचे दोनशे मीटरचे वर्तुळ मात्र बसणार नाही. उतारावर धावून घोटे मुरगळतील आणि भरतीची तयारी थांबेल. मघाशी मी मुकादमाच्या उचलीचे म्हटले होते, ते इथे आठवा.

दुसरा आक्षेप दारू, पैज आणि भांडणाचा. क्रिकेटच्या स्पर्धेत रोख बक्षीस ठेवले, की पैजा लागतात आणि रात्री भांडण होते. हे घडले आहे. त्यावर उपाय मैदान बंद करणे हा नाही. स्पर्धेला आपली परवानगी हवी, रोख बक्षीस नको, अंधार पडण्याआधी खेळ संपला पाहिजे, दारू पिऊन आलेल्याच्या संघाला बाद करावे, हे नियम गावानेच ठरवावेत. गावाने केलेला नियम गाव पाळते. आपण बाहेरून लावलेला नियम फलकावर राहतो.

तिसरा आक्षेप अतिक्रमणाचा. मोकळी जागा कोणीतरी बळकावेल, ही भीती योग्य आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये गावांच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणाबद्दल कडक निकाल दिला, कारण देशभर ते होतच होते. पण मला विचाराल तर रोज शंभर माणसे जिथे येतात ती जागा बळकावणे कठीण असते. भिंतीआड पडून राहिलेली जागा हळूहळू हातची जाते. हद्दीची मोजणी करून घ्यावी, हद्दीवर दगड रोवावेत, कडेने करवंद आणि सागरगोट्याचे जिवंत कुंपण लावावे. गुरे अडतील, माणसे अडणार नाहीत.

चौथी गोष्ट कोणी आक्षेप म्हणून मांडलेली नाही, पण मांडायला हवी होती. संध्याकाळच्या मैदानावर मुली फार कमी दिसतात. सकाळी भरतीच्या तयारीला येतात त्या तेवढ्याच. संध्याकाळी पाणी, सरपण, धाकटी भावंडे मुलींच्या वाट्याला येतात. मैदानावर संडास नाही, आडोसा नाही, आणि मुलांच्या गर्दीत आई त्यांना पाठवत नाही. जे मैदान अर्ध्या मुलांचेच आहे ते पुरते गावाचे झाले, असे मी म्हणू शकत नाही. साडेचार ते सहा ही वेळ फक्त मुलींची ठेवावी, त्या वेळी वसतिगृहाच्या बाई किंवा आशाताई तिथे असाव्यात, मैदानाच्या कडेला नळ द्यावा म्हणजे खेळून झाल्यावर मुलगी हंडा भरूनच घरी जाईल. झारखंडच्या ज्या मुलींची नावे मी घेतली, त्यांना कोणीतरी कधीतरी संध्याकाळ मोकळी करून दिली असणार.

राहिला प्रश्न पैशाचा, आणि तो टाळून चालणार नाही. गाळ्यांचे भाडे किती येईल, तो आकडा कमिटीच्या कागदात आहे. त्याबरोबर खर्चही पाहावा. गाळे बांधायला भांडवल लागेल. आपली संस्था सार्वजनिक विश्वस्त संस्था आहे. १९५० च्या अधिनियमाच्या छत्तिसाव्या कलमाप्रमाणे बिगरशेती जागा तीन वर्षांपेक्षा अधिक मुदतीने भाड्याने द्यायची, तर धर्मादाय आयुक्तांची आगाऊ परवानगी लागते. तीन वर्षांच्या करारावर कोणी मोठी रक्कम गुंतवणार नाही, आणि लांब मुदतीची परवानगी मिळवण्यात वेळ जाईल. शिवाय एकदा गाळा उभा राहिला की तो पुन्हा मैदान होत नाही.

त्याऐवजी मी तीन गोष्टी सुचवतो. वसतिगृहाच्या पूर्वेला जुन्या दवाखान्याच्या तीन खोल्या बंद पडून आहेत, त्याही रस्त्यालाच लागून आहेत. त्यांची कौले आणि गिलावा दुरुस्त करून त्या भाड्याने द्याव्यात. दुसरे, ग्रामसभेशी लेखी समजूत करावी. जमीन संस्थेचीच राहील, वापर सर्वांचा राहील, नियम दोघांनी मिळून केलेले असतील. आपले गाव अनुसूचित क्षेत्रात आहे. आदिवासी उपयोजनेतल्या पाच टक्के निधीचा वाटा पेसा ग्रामपंचायतींना थेट मिळतो आणि तो कशावर खर्च करायचा हे ग्रामसभा ठरवते. नळ आणि संडास यांसाठी ग्रामसभेपुढे अर्ज ठेवता येईल. नाकारला गेला तर नाकारला, पण मागितल्याशिवाय कोण देणार? तिसरे काम आपल्या सर्वांचे आहे. वर्षाचे बारा महिने आहेत. इथे बसलेल्या मंडळ्यांपैकी बारा मंडळ्यांनी एकेक महिना वाटून घ्यावा आणि त्या महिन्याचा वसतिगृहाचा भाजीपाल्याचा खर्च उचलावा. ज्यांना पैसे देणे शक्य नाही त्यांनी तांदूळ द्यावा, डाळ द्यावी, किंवा सुट्टीत येऊन मुलींचा खेळ घ्यावा. तरुण संघाने कुंपणाची रोपे लावण्यासाठी जूनमधले दोन दिवस राखून ठेवावेत.

मी कमिटीला एवढीच विनंती करतो की गाळ्यांचा निर्णय एक वर्ष पुढे ढकलावा. या वर्षात वरच्या तीन गोष्टी करून पाहू. वर्षाअखेर हिशेब जुळला नाही, तर ही सूचना पुन्हा चर्चेला घ्यावी आणि तेव्हा मी कमिटीच्या निर्णयाला मान देईन. पण त्या चर्चेला गावाचे कारभारी, सरपंच आणि पहाटे धावणाऱ्या मुलांपैकी दोघे जण बोलवावेत. ज्यांच्या पायाखालची जमीन आहे त्यांचे ऐकल्याशिवाय ठरवू नये.

नोंदणीच्या टेबलावर बारा महिन्यांची नावे लिहिलेला कागद ठेवला आहे. जेवणाला जाण्यापूर्वी आपापल्या मंडळीचे नाव एखाद्या महिन्यापुढे लिहावे. एप्रिल आणि मे सगळ्यांत अवघड असतात, कारण तेव्हा दाने कमी येतात. ज्या मंडळीला प्रभूने अधिक दिले आहे तिने ते दोन महिने घ्यावेत.

प्रभू आपल्या दानांना आणि आपल्या हातांना आशीर्वाद देवो, आणि त्या मैदानावर खेळणाऱ्या प्रत्येक लेकराला, ते कोणत्याही पाड्याचे असो, आपल्या छायेत राखो. आमेन.